ब्रशचे केस गळतात? आधी गळलेला केस उचलून बघा

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या काउंटरवर एक तक्रार ठरलेली. गिऱ्हाईक येतं, दोन दिवसांपूर्वी नेलेला ब्रश काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "शेठ, रंग लावायला ब्रश दिलात की दाराला दाढी चिकटवायला?" मी हसून घेतो. पण यंदा एकाचं दार मी स्वतः जाऊन बघितलं. चकचकीत तपकिरी इनॅमल, आणि त्यात आडवेतिडवे रुतलेले सात-आठ काळे केस. हात फिरवला की बोटाला लागत होते.

माझा पहिला प्रश्नही ठरलेला आहे: "गळलेला केस आणलाय का?" नसतोच आणलेला. लोक ब्रश आणतात, बिल आणतात, मोबाइलवर दाराचा फोटो दाखवतात. केस मात्र चिमटीत धरून फेकून दिलेला असतो. आणि नेमकं कुठे बिघडलंय ते त्या केसाच्या बुडाशीच लिहिलेलं असतं.

केस ब्रशात राहतो तो कशाने तरी धरलाय म्हणून. धरायच्या रीती मोजक्याच आहेत. दोरीने आवळायचा, चिकटवायचा, भोकात खिळवायचा, तारेने ओवायचा किंवा तारेच्या पिळात अडकवायचा. यातली प्रत्येक पकड आपापल्या तऱ्हेने सुटते आणि सुटलेल्या केसावर आपली खूण ठेवून जाते. त्यामुळे ब्रश कोणत्या रीतीचा आहे हे कळल्याशिवाय घरगुती इलाज करू नका. रंगाच्या ब्रशचा इलाज कपड्याच्या ब्रशला केला तर उरलेले केसही जातात.

(केस न गळणारा एकच ब्रश मला माहीत आहे: दातण. कडुनिंबाची काडी चावली की तिचेच तंतू मोकळे होतात. केस आणि दांडा एकाच अंगाचे, धरायचा प्रश्नच नाही. चुना मारायला केवड्याच्या मुळीचं टोक ठेचून कुंचा करायचे, तोही त्याच जातीचा.)

केस बघायचा म्हणजे काय बघायचं

पांढऱ्या कागदावर पाच-सहा गळलेले केस ठेवा. ब्रशच्या केसांशेजारी धरून लांबी ताडून बघा. मग बूड बघा. भिंग असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेला तरी भागतं.

केस पूर्ण लांबीचा आहे आणि बूड स्वच्छ, कोरडं आहे: त्याला गोंद कधी लागलाच नव्हता. पूर्ण लांबीचा आहे आणि बुडाला पिवळट काचेसारखा कण चिकटलाय: गोंद लागला होता, पण तो तुटला किंवा पत्र्यापासून सुटला. केस आखूड आहे आणि एक टोक तिरकं तुटलेलं आहे: तो गळलेला नाही, मोडलाय. त्यात ब्रश बनवणाऱ्याचा दोष कमी, वापरणाऱ्याचा जास्त. केस ब्रशबाहेर दिसतो त्याच्या दुप्पट लांब आहे आणि मधोमध घडी पडलीय: तो भोकात खिळवलेल्या किंवा तारेने ओवलेल्या ब्रशातला, आणि एकटा येत नाही, अख्खा झुपका घेऊन येतो.

आता सगळ्यात जास्त तक्रारी ज्याच्या येतात त्याच्याकडे आधी वळू.

रंगाचा चपटा ब्रश

हा आतून कसा असतो ते बघितलं की अर्धी तक्रार तिथेच मिटते, म्हणून मी दुकानात एक दोन इंची ब्रश उभा कापून ठेवलाय. केसांचा गठ्ठा पत्र्याच्या चपट्या नळीत घातलेला असतो. त्या गठ्ठ्याच्या मधोमध लाकडाची, पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची पाचर असते. तिच्यामुळे केसांच्या दोन फळ्या होतात आणि मध्ये पोकळी राहते. ब्रश बुडवला की रंग त्या पोकळीत साठतो, म्हणून पाचर ही फसवणूक नव्हे. ती फार जाड असेल तर मात्र फसवणूक आहे. केस दोन्ही बाजूंना फाकवून आत बघा. पाचर केसांच्या एका फळीपेक्षा जाड दिसली तर तुम्ही केसांच्या भावात लाकूड घेताय.

डुकराच्या केसाचं बूड जाड असतं आणि टोक निमुळतं, शेवटी दोन-तीन फाटे फुटलेलं. त्या फाट्यांत रंग धरला जातो आणि रेघा कमी उमटतात. कारखान्यात असे केस उकळून, सरळ करून, लांबीप्रमाणे निवडून, लांब-आखूड ठरावीक प्रमाणात मिसळतात. एका ब्रशापुरते केस वजन करून घेतात, पत्र्यात घालतात आणि टोकं खाली धरून ठोकतात म्हणजे सगळी टोकं एका ओळीत येतात. मग बुडाच्या बाजूने गोंद ओततात. पूर्वी यासाठी डांबर, राळ, लाख असं काय काय वापरत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केस रबरात बसवून ते रबर उष्णतेने पक्कं करायची रीत गाजली. आता बहुतेक ठिकाणी इपॉक्सी असतो, म्हणजे आपण घरी दोन ट्यूबांतला मिसळतो तोच प्रकार. तो केसांमधल्या फटींतून थोडा वर चढतो, घट्ट होतो आणि केसांची बुडं एका ढेकळात कायमची गाडली जातात. मागून दांडा ठोकतात, पत्र्याला बारीक खिळे मारतात, आणि शेवटी ब्रश विंचरून सुटे केस काढून टाकतात.

आता चुकतं कुठे?

टोकं एका ओळीत असली की बुडं एका ओळीत नसतात, कारण केस लांब-आखूड मिसळलेले. फार आखूड केसाचं बूड गोंदापर्यंत पोचतच नाही. तो नुसता शेजाऱ्यांच्या दाटीत उभा असतो, गर्दीच्या लोकलमध्ये हात न धरता उभा राहिलेल्या माणसासारखा. पहिल्या हातातच हे केस येतात, बूड स्वच्छ असलेले. चांगल्या ब्रशातूनही असे थोडे येणारच. ते संपले की गळती थांबते. कारखान्यात शेवटी विंचरतात ते यासाठीच, आणि स्वस्त मालात वाचवतात तेही हेच काम.

म्हणून नवा ब्रश थेट दारावर न्यायचा नाही. माझ्याकडे उवांची बारीक फणी आहे, तीच मी वापरतो. ब्रश कोरडा असताना पत्र्यापासून टोकाकडे वीस-पंचवीस वेळा विंचरायचा, दोन्ही बाजूंनी. मग तळहातावर झटकायचा. पत्र्याजवळच्या केसांवर चिकटपट्टी दाबून ओढली तरी बरेच सुटे केस निघतात. त्यानंतर पहिलं काम प्रायमरचं द्यायचं, जिथे एखादा केस राहिला तरी पुढे घासताना निघून जातो. जुने मिस्त्री नवा ब्रश कधीच शेवटच्या हाताला घेत नाहीत. प्रायमरवर झिजलेला, टोकं मऊ झालेला ब्रश ते फिनिशिंगसाठी जपून ठेवतात.

एक सल्ला मात्र कानाआड करा: "नवा ब्रश रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, केस घट्ट होतात." पूर्वी गोल ब्रशात केस दोरीने बांधून मधोमध निमुळता दांडा ठोकत. तो पाण्याने फुगला की केस दोरी आणि लाकूड यांच्यात आवळले जायचे, तेव्हाचा हा सल्ला. आजच्या चपट्या ब्रशात केस गोंदाने धरलेत. पाणी त्या गोंदाला घट्ट करत नाही. उलट दांड्याचं लाकूड फुगतं, पत्रा ताणला जातो, आणि वाळल्यावर लाकूड आक्रसतं पण ताणलेला पत्रा पूर्वीसारखा होत नाही. मग गिऱ्हाईक येतं, "शेठ, ब्रश डुगडुगतो."

गळती थांबतच नसेल तर

चार-पाच दारं झाली तरी केस येतच आहेत आणि बुडं स्वच्छ आहेत, तर गोंद मधल्या केसांपर्यंत पोचलेला नाही. घट्ट गोंद ओतला की असं होतं: कडेचे केस धरले जातात, गाभ्यातले कोरडे राहतात. केस फाकवून मधले चार-पाच चिमटीत धरा आणि ओढा. लोण्यातून सुरी यावी तसे आले तर तो ब्रश बदलून घ्या. आम्हाला शिव्या घाला, चालेल. आम्हीही वरच्याला घालतो. एकदा एका घाऊक विक्रेत्याकडून सहा डझन असेच आले होते. वरून देखणे, दांड्याला लाल रंग, पत्रा चकचकीत. पहिल्या आठवड्यात नऊ परत आले. उरलेल्यातला एक फोडून बघितला तर गोंदाचा थर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला जवळपास नाहीच. ओतल्यावर वाळेपर्यंत ब्रश तिरके ठेवले असणार.

बुडाला गोंदाचा कण घेऊन केस येत असतील तर ब्रश आधी बरा होता, नंतर बिघडला. तेव्हा माझा दुसरा प्रश्न असतो, "धुतला कशात?" ऑइल पेंटचा ब्रश टर्पेंटाइनमध्ये किंवा रॉकेलमध्ये धुतला तर चांगल्या इपॉक्सीला काही होत नाही. पण फर्निचरवाल्यांकडचा, लॅकर पातळ करायचा एनसी थिनर फार तिखट. स्वस्त गोंद त्यात मऊ पडतो. पेंट रिमूव्हर तर चांगल्या गोंदालाही सोडत नाही. जुना रंग सोडवायचा त्याचा धंदाच आहे, आणि गोंद कुठला नि रंग कुठला हे त्याला कळत नाही. ब्रशवर रंग वाळून कडक झाला म्हणून अख्खा ब्रश पत्र्यासकट रिमूव्हरमध्ये बुडवून ठेवला की केस मोकळे होतात आणि पत्र्यातूनही मोकळे होतात. बुडवायचाच तर फक्त केस, आणि तेही पत्र्याच्या एक बोट खालीपर्यंतच.

आणि तुटके तुकडे येत असतील तर दोष बुडवण्याच्या सवयीत शोधा. ब्रश रंगात तिसरा हिस्सा, फार तर अर्धा बुडवायचा. लोक पत्र्यापर्यंत बुडवतात. रंग वर चढतो, पत्र्याच्या तोंडाशी वाळतो, दर वेळी थोडा थोडा साठतो. त्या वाळलेल्या रंगाने केस बाहेर ढकलले जातात आणि ब्रश वापरलेल्या झाडूसारखा फुलतो. मग प्रत्येक फटकाऱ्याला केस पत्र्याच्या धारेवर वाकतो, आणि एके दिवशी तिथेच मोडतो. वाळलेला रंग काढायला तारेचा ब्रश वापरला तर केस आणखी लवकर मोडतात. अशा मोडलेल्या केसांवर गोंदाचा उपयोग नाही, कारण गोंद बिचारा जागेवरच आहे.

तशीच एक जोडी चुकते: डुकराचा केस पाणी पितो. प्लास्टिक पेंट पाण्याचा रंग, त्यात तो तासाभरात लेचापेचा होतो, लोक जोर देऊन दाबतात, केस पत्र्याशी मोडतात. पाण्याच्या रंगाला नायलॉन-पॉलिएस्टरचा ब्रश, तेलाच्या रंगाला केसांचा. एवढं सांभाळलं तरी निम्म्या तक्रारी कमी होतील.

दुरुस्ती करावी का? एक-दोन इंची साध्या ब्रशसाठी नको, त्यापेक्षा गोंदच महाग. चार इंची चांगला ब्रश असेल तर मी असं करतो. पत्र्याचे खिळे पकडीने उपटायचे, दांडा हळूहळू डोलवत काढायचा. ब्रश आधी टर्पेंटाइनमध्ये, मग साबणाने धुऊन दोन दिवस कडकडीत वाळवायचा. केसाला तेल राहिलं तर नवा गोंद धरणार नाही. सावकाश वाळणारा इपॉक्सी घ्यायचा, पाच मिनिटांवाला नको. मिसळल्यावर वाटी कोमट पाण्यात धरली की तो पातळ होतो. केस खाली करून ब्रश उभा बांधायचा आणि दांड्याच्या बाजूने गोंद थेंबथेंब सोडायचा. जुन्या ढेकळातल्या फटींतून जेवढा उतरेल तेवढा उतरतो. पत्र्याच्या तोंडाशी पुढून गोंद दिसला की थांबायचं, नाहीतर केसांची मुळं काठीसारखी कडक होतात. चोवीस तास हात लावायचा नाही. मग दांडा घालून खिळे, पण जुन्या भोकांत नाही, जरा बाजूला. मी केलेल्या दुरुस्त्यांतल्या साधारण निम्म्या टिकल्यात. झटपट चिकटणारा पातळ गोंद पुढून केसांच्या मुळाशी सोडणारे बरेच आहेत. गळती थांबते खरी, पण गोंद केसांतून वर चढतो आणि ब्रशाचा खराटा होतो.

काम चालू असताना, रंग ओला असताना गळती लागली तर पत्र्याच्या मधोमध दोन्ही बाजूंनी ठोकणीने तीन-तीन खळगे पाडा. केस आवळले जातात आणि दार पूर्ण होईपर्यंत वेळ निभावते.

कपड्याचा, बुटाचा, फरशीचा ब्रश

इथे पत्रा नाही, फळी आहे आणि फळीत भोकं. दोन रीतींनी हे केस बसवतात आणि त्या ओळखायची सोपी युक्ती आहे: रिकामी भोकं कशी पडलीत ते बघा.

विखरून, इथे एक तिथे एक अशी पडली असतील तर झुपके खिळवलेले आहेत. झुपका मधोमध दुमडतात, घडीवर चपट्या तारेचा छोटा तुकडा ठेवतात आणि यंत्र त्याला भोकात ठोकतं. तुकडा भोकापेक्षा किंचित लांब असतो, त्यामुळे दोन्ही टोकांनी भोकाच्या भिंतीत रुततो. बहुतेक टूथब्रश असेच असतात. उजेडात तिरका धरून बघा, झुपक्याच्या बुडाशी धातूची चकाकी दिसेल. २४ फेब्रुवारी १९३८ ला अमेरिकेत नायलॉनचा पहिला टूथब्रश विक्रीला आला, त्याआधी लोक डुकराच्या केसांनी दात घासत. केस बदलला, पण खिळवायची रीत अजून तीच आहे. टूथब्रशचा झुपका सुटला तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, धातूचा तुकडा तोंडात जाईल. फेकून द्या.

लाकडी फळीच्या ब्रशाचं वैर पाण्याशी आहे. धुणं झालं की ब्रश बादलीत पडून राहतो, लाकूड फुगतं. उन्हात टाकला की आक्रसतं. दर वेळी भोकाची भिंत त्या तुकड्याला थोडी थोडी सोडते. शेवटी दोन भोकांमधली चिंचोळी जागा चिरते आणि त्या चिरेवरचे झुपके एका आठवड्यात जातात. इलाज आधीच करायचा: वापरून झाल्यावर ब्रश झटकून केस खाली करून टांगा. पाणी फळीकडे न जाता टोकांकडे उतरतं. प्लास्टिकची फळी फुगत नाही, पण उकळत्या पाण्यात मऊ पडते आणि तुकडा ढिला होतो.

एखादा झुपका पडला तर परत बसवता येतो. भोकातला जुना तुकडा टोकदार पकडीने काढायचा. झुपका मधोमध दुमडून घडीत पितळेची बारीक तार अडकवायची, पीळ द्यायचा, भोकात इपॉक्सीचा थेंब, आणि चपट्या स्क्रूड्रायव्हरने घडी तळाला जाईपर्यंत दाबायची. दोन-तीन झुपक्यांपुरतं हे बरं; दहा गेले असतील तर फळी संपलीय.

रिकामी भोकं ओळीने पडत असतील, आधी एक, चार दिवसांनी शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं, तर ब्रश तारेने ओवलेला आहे. हे हातकाम. भोक आरपार असतं, पुढून रुंद आणि मागून बारीक. मागून तारेचा फास पुढे काढायचा, त्यात झुपका घालायचा आणि तार ओढायची. झुपका दुमडून भोकात जाऊन बसतो. तीच तार पुढच्या भोकात. शेवटी मागे पातळ फळी चिकटवून किंवा स्क्रूने बसवून तारा झाकतात. खिळवण्यापेक्षा ही पकड कितीतरी भक्कम, पण ओळभर तार एकच. कुठे गंजून तुटली की शेजारचे झुपके हळूहळू सैल होतात. इथे पुढून गोंद घालत बसू नका. मागची फळी काढा, तुटलेलं टोक शोधा, तिथून पुढचं नव्या पितळी तारेने ओवा आणि फळी परत बसवा. आमच्या आजोबांचा कोटाचा ब्रश मी असाच दोनदा ओवलाय. दुसऱ्यांदा मागची फळी काढली तर आत माझ्याच अक्षरात पेन्सिलने लिहिलेली तारीख होती, १९९७.

बाटलीचा ब्रश

दोन तारा, मध्ये आडवे केस, आणि तारांना पीळ. एवढंच. गोंद नाही, भोक नाही. केस निसटतात ते टोकाकडून, कारण तिथे पीळ आधी उलगडतो. दांडा एका पकडीत आणि टोक दुसऱ्या पकडीत धरून पिळाच्या दिशेने अर्धा वेढा आणखी द्या, बस. तार गंजून पातळ झाली असेल तर मात्र वेढा देताना तुटेल, आणि गंजलेला ब्रश पिण्याच्या बाटलीत घालायचाही नसतो.

हा ब्रश ड्रिलला लावून पाइप साफ करणारे माझ्याकडे तक्रार घेऊन येतात की पाच मिनिटांत टक्कल पडलं. ड्रिल चुकीच्या दिशेने फिरतंय. आधी टोक पकडीत धरा आणि दांडा ड्रिल फिरेल त्या दिशेने हाताने जरासा फिरवा. पीळ आवळला तर बरोबर, उलगडला तर ड्रिल उलटं चालवा. पाइपात केस अडतात तेव्हा टोकावर नेमका हाच जोर येतो.

खराटा

ही दुरुस्ती सगळ्यांना येते, कारण कुणाला समजून करावी लागत नाही. नारळाचे हीर सुटायला लागले की आई खराटा उभा धरून बूड जमिनीवर दोन-चारदा आपटायची. हिरांचं बूड जाड, टोक बारीक. आपटल्यावर हीर थांबतात पण आवळलेली दोरी किंवा तारेचं कडं जोरात खाली सरकतं, जाड बाजूकडे, आणि गठ्ठा आवळला जातो. तेवढ्याने भागलं नाही तर बुडाच्या मधोमध लाकडाची पाचर ठोकायची. रंगाच्या ब्रशात पोकळीसाठी असते तीच पाचर इथे आवळायला येते.

नवा खराटा महिन्याभरात सैल झाला तर तो ओल्या हिरांचा बांधलेला होता. हीर वाळून बारीक होतात, दोरी तेवढीच राहते. हीर आधी सात-आठ दिवस उन्हात वाळवा आणि मग बांधा. केरसुणीचंही तेच.

आखणीचे बारीक ब्रश

आमच्या रायगडात जूनपासून पेण, हमरापूरकडचे कारागीर गणपतीच्या डोळ्यांच्या आखणीसाठी बारीक ब्रश नेतात. त्यांची तक्रार गळतीची कमीच असते. हे ब्रश वेगळे बनतात: केस छोट्या कपात टोक खाली करून ठोकतात, दोऱ्याने गाठ मारतात, निमुळत्या नळीत मागून ओढून घेतात आणि मग गोंद. नळी पुढे निमुळती असल्याने गाठ पुढे निसटूच शकत नाही. त्यांचा दांडा मात्र सुटतो, कारण ब्रश पाण्याच्या ग्लासात केसांवर उभा ठेवलेला असतो. पाणी नळीत शिरतं, लाकूड फुगतं, दांड्याचा रंग तडकतो. आणि टोक वाकतं ते वेगळंच. धुतल्यावर ब्रश आडवा ठेवा. दांडा सुटलाच तर नळी आतून कोरडी करून इपॉक्सीने बसवा आणि पकडीने हलकेच आवळा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. "शेठ, मुंगसाचा ब्रश आहे का?" असं अजूनही विचारतात. टोक छान धरतो हे खरं. पण मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याच्या केसांचा ब्रश बनवणं, विकणं, जवळ ठेवणं गुन्हा आहे. उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट हे ब्रश बनवण्यासाठी देशभर माहीत असलेलं गाव, तिथेही यावरून धाडी पडल्यात. आखणीला आता कृत्रिम केसांचे चांगले ब्रश मिळतात. मी तेच ठेवतो.

आता त्या दाराचं. रंग ओला असताना केस दिसला तर बोट लावू नका. ब्रशच्याच टोकाने केसाला एका कडेने उचला, चिमट्याने धरून काढा आणि तेवढ्याच जागेवरून एक हलका हात फिरवा. त्या गिऱ्हाईकाचा रंग मात्र वाळला होता. तीन दिवस थांबायला सांगितलं, मग ३२० नंबरच्या वॉटर पेपरने ओलं करून प्रत्येक केसाची जागा घासली, केस निघाले, धूळ पुसली आणि पातळ एक हात अख्ख्या दाराला दिला. ठिगळं मारली असती तर चमक वेगळी दिसली असती. त्याला नवा ब्रश दिला, काउंटरवर फणीने विंचरून. जुना मी ठेवून घेतला. गल्ल्याखालची धूळ झाडायला वापरतो, आणि रोज दोन-तीन केस टाकतोय अजून.